औशाच्या अंगणात रानफुलांची हिरवळ

रानफुलांची हिरवळ म्हणजे ठेंगणे गवत आणि त्यातच जमिनीलगत फुलणाऱ्या रानवनस्पती. ती वर्षातून दोन-तीनदाच कापतात, फुलायच्या वेळी तिला हात लावत नाहीत आणि तिच्यावर औषध फवारत नाहीत. परागीकरण करणाऱ्या मधमाश्या, एकट्याने घरटे करणाऱ्या माश्या, फुलपाखरे, पतंग आणि सिरफिड माश्या यांना तिथे मकरंद आणि पराग मिळतात, शिवाय अळ्यांना पाला आणि घरट्याला जागाही मिळते. युरोप-अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळली आहे. ब्रिटनमधील प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ मध्ये मे महिनाभर गवत न कापण्याची मोहीम सुरू केली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यानेही त्याच वर्षी घरमालकांना अशा लागवडीसाठी मदत देणारी योजना आखली. तिकडच्या हिरवळीत पांढरे क्लोव्हर आणि रांगता थाइम असतात. ही झाडे लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या उन्हात टिकणारी नाहीत, आणि मे महिन्यात औशात कापायला गवतच उरत नाही. कल्पना तीच ठेवली तरी वनस्पती, वेळापत्रक आणि निगा इथल्या पावसावरूनच ठरवावी लागते. औशासारख्या ठिकाणी ही हिरवळ पेरण्यापेक्षा राखण्याची गोष्ट आहे. आपोआप काय उगवते ते ओळखायचे, आणि खुरपताना काय काढायचे व काय सोडायचे ते ठरवायचे, एवढ्यावर तिचे बहुतेक यश अवलंबून असते.

जमीन, पाऊस आणि अंगण

औसा लातूरच्या नैर्ऋत्येस सुमारे २० किलोमीटरवर आहे. बेसाल्ट खडकावरची काळी जमीन, उंचवट्यांवर मुरमाड माळ आणि वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, असे इथले स्वरूप. हा पाऊस बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. श्रावणात मोठा खंड पडणे आणि परतीच्या पावसाने झोडपून काढणे, दोन्ही नेहमीचेच. काळी माती ओली झाली की फुगते व चिकटते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्यामुळे इथल्या रानवनस्पतींनी दोन वाटा धरल्या आहेत. काही पावसात उगवून दिवाळीच्या आसपास बी टाकतात आणि संपतात. काही खोल मूळ धरून उन्हाळाभर वरून वाळतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात.

या भागातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये निघाला, तेव्हा औसा त्याच जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. पुढे १९९८ मध्ये नाईक यांनी संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परिसरात मुळात काय उगवते, याचा आधार या दोन ग्रंथांत मिळतो.

अंगणांचे स्वरूपही बदलत गेले आहे. जुन्या गावठाणात माळवदाची घरे एकमेकांना खेटून असत, पुढचे अंगण सारवलेले असे आणि झाडझाडोरा परसात असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा केंद्रभाग असलेले किल्लारी औसा तालुक्यातच आहे. त्यानंतर लातूर-उस्मानाबादमधील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि घरांभोवती मोकळी जमीन आली. औसा शहराच्या नव्या वस्त्यांतही घरापुढे दोन-चारशे चौरस फूट जागा सुटते. या जागेत बहुधा सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसतात किंवा विकतचे मेक्सिकन वा ‘सिलेक्शन वन’ गवत लावले जाते. अशा गवताला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर ५० चौरस मीटरच्या तुकड्यालाच दिवसाला २५० लिटर लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात एवढे पाणी फूल न देणाऱ्या गवताला घालणे परवडणारे नाही.

कोणते कीटक येतात

जगात माश्यांच्या म्हणजे मधमाशीच्या गटातील २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पोळे करत नाहीत. औशाच्या कोरड्या माळरानात पोळे करणाऱ्यांपैकी आग्या आणि फुलोरी विशेष दिसतात. आग्या उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा जुन्या बांधकामाच्या कमानीला एकच मोठे मोहोळ लावते. फुलोरी लहान असते आणि झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. अंगणातल्या लहान फुलांवर रोज दिसणारी बहुधा हीच. सातेरी पोकळ ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते.

एकट्याने राहणाऱ्या माश्या ओळखायला थोडी सवय लागते. काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून घरटे करतो. निळसर पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत आणि बांधाच्या उभ्या कडेत बीळ करते. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती तिला उत्तम. पानकापी माशी गुलाबाच्या, तुरीच्या किंवा गोकर्णीच्या पानाची कड नाण्यासारखी गोल कापून नेते आणि त्या तुकड्यांची गुंडाळी करून त्यात अंडे घालते. पानांवरच्या गोल कापांना रोग समजून फवारणी केली जाते, पण झाडाला त्याचा धोका नसतो. तूर फुलल्यावर तिच्यावर येणाऱ्यांत याच माश्या पुढे असतात. या लहान माश्या घरट्यापासून काही शे मीटरच उडतात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने घरापुढचा शंभर चौरस फुटांचा फुललेला तुकडाही मोठा आधार ठरतो.

फुलपाखरांना फुलाइतकीच अळीच्या पानाची गरज असते. बिबळ्या कडवा रुईवर अंडी घालतो, लिंबावरचे फुलपाखरू कढीपत्ता आणि लिंबावर, लहान पिवळी फुलपाखरे तरोट्यावर, तर इवलाली निळी फुलपाखरे शेवरा आणि रानमेथीसारख्या शेंगवर्गीय गवतवेलींवर. घोळीच्या पानांवरही एका मोठ्या फुलपाखराची अळी वाढते. तिने पाने खाल्ली म्हणजे हिरवळ बिघडली असे समजू नये. तो तिच्या उपयोगाचाच भाग आहे.

पिकांशी नाते

आंतरशासकीय जैवविविधता मंचाच्या २०१६ च्या अहवालानुसार जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक पिके कमी-अधिक प्रमाणात परागीकरण करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत. लातूरला याचा अर्थ सूर्यफुलाने शिकवला. या पिकात माशी आली नाही तर दाणे पोचट राहतात. म्हणून फुलोऱ्यात सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलावरून हलके फिरवण्याची शिफारस शेतकऱ्यांना केली जाते. लातूर एकेकाळी करडई, सूर्यफूल, जवस, कारळ आणि तीळ यांचा मुलूख होता आणि इथले तेलबिया संशोधन केंद्र त्याच परंपरेतले. सोयाबीन पसरले तशी ही फुलणारी पिके मागे पडली. बांध अरुंद झाले, आणि उरलेल्या बांधांवर तणनाशक मारले जाऊ लागले. रानात पूर्वी एकामागून एक येणारा बहर आता तुटक झाला आहे. घराजवळची हिरवळ तो बहर जोडण्याच्या कामी येते.

घरच्या परसबागेलाही तिचा थेट लाभ होतो. वांगे आणि टोमॅटो यांच्या फुलातील पराग नळीसारख्या कोशात असतो. भुंगा आणि निळसर पट्ट्यांची माशी पंखांचे स्नायू थरथरवून तो झाडून काढतात. मधमाशीला ते जमत नाही. दोडका, भोपळा, काकडी यांना कीटकांशिवाय फळ धरत नाही.

वनस्पतींची निवड

वनस्पती उंचीनुसार तीन थरांत मांडल्या की अंगण नीटनेटके दिसते. पहिला थर पायाखालचा. ओलसर कोपऱ्यात, नळाजवळ किंवा कूलरचे पाणी पडते तिथे जलपिंपळी उत्तम. ती पेराला मुळे फोडत पसरते, तुडवलेली चालते आणि तिच्या इवल्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांवर फुलोरीची सतत ये-जा असते. कोरड्या मुरमाड भागात विष्णुक्रांता, रानमेथी आणि शेवरा टिकतात. घोळ कुठेही येते. विष्णुक्रांतेची निळी आणि घोळीची पिवळी फुले सकाळी ऊन चढले की उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात. दुपारनंतर पाहणाऱ्याला हिरवळ फुललीच नाही असे वाटते, म्हणून ती पाहायची वेळ सकाळी नऊ ते अकराची.

याच थरातली एकदांडी, म्हणजे दगडी पाला, मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेची, पण आता महाराष्ट्रभर रुळलेली. तिचे नाव तिच्या रूपावरूनच पडलेले आहे. जमिनीवर लोळणाऱ्या खरखरीत पानांतून वीतभर उंचीचा एकच देठ सरळ वर येतो आणि टोकाला एकच फूल. ते फूलही खरे तर पिवळ्या बारीक फुलांचा गुच्छ असते. कडेची फुले आधी उमलतात, आतली नंतर. फुलोरी त्यावर उतरली की कडेने गोल फिरत प्रत्येक नळीत सोंड घालते. त्या फुलाचा आतला भाग दुसऱ्या दिवशी उमलला की माश्या पुन्हा येतात. पाणी कमी असतानाही एकदांडी फुलत राहते. ती लावू नये, आली तर थोडी राखावी; बाकीच्यांवर चढू लागली की उपटावी.

दुसरा थर गुडघ्यापर्यंतचा. तुंबा, केना, कुर्डू, तेरडा, माका आणि तरोटा यांत येतात. तुंब्याच्या पांढऱ्या ओठाळ फुलांत मकरंद भरपूर असतो. केन्याच्या निळ्या फुलात मकरंद नसतो, माश्या तिथे परागासाठी येतात. तेरडा गौरींच्या आगमनाच्या सुमारास बहरतो. तिसरा थर कडेचा: तुळस, सब्जा, कोरांटी, आघाडा, तरवड, आणि ओळीने पेरलेले कारळ व तीळ. तरवडाची पिवळीधमक फुले माळावर भुंग्यांना पराग पुरवतात.

यांतल्या अनेक वनस्पतींना घरात आधीच मान आहे. गणपतीच्या पत्रीत विष्णुक्रांता, माका, आघाडा, दूर्वा, तुळस, रुई आणि डोरली येतात. घोळ, कुर्डू, तरोटा आणि केना रानभाजी म्हणून खाल्ल्या जातात. कोवळी पाने खुडली की फांद्या फुटतात आणि फुले वाढतात, त्यामुळे भाजी काढणे ही हिरवळीची हलकी छाटणीच ठरते.

कास पठारावरची फुले इथे आणण्याचा मोह टाळावा. सडे, धुके आणि सह्याद्रीचा पाऊस यांवर ती जगतात. रानफुलांच्या मिश्रणाची विकतची पाकिटेही सहसा परदेशी वाणांची असतात आणि त्यातला पिवळा कॉसमॉस बघता बघता अंगणाबाहेर पसरतो. गाजर गवत आणि घाणेरी दिसताक्षणी काढावीत. गाजर गवताने त्वचेला खाज सुटते आणि दमाही होतो, म्हणून ते फुलण्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे. सराटा आणि कुसळ मुलांच्या पायात व कपड्यांत रुततात, म्हणून घरापुढे ठेवू नयेत.

जागेची तयारी आणि पेरणी

दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. जमिनीला खत घालू नये. सुपीक जमिनीत हराळी, लव्हाळा आणि कुंदा माजतात आणि नाजूक फुलझाडे दबतात. काळी माती जड असेल तर वरच्या चार बोटांत मुरूम मिसळावा.

हराळी आणि कुंद्याची मुळे उन्हाळ्यात खणून वर काढावीत आणि उन्हात वाळू द्यावीत. शेतातली जुनी रीत इथेही लागू पडते. लव्हाळ्याला मात्र खणू नये. खणल्याने त्याच्या गाठी तुटून जास्त पसरतात. तो पुन:पुन्हा वरून खुडत राहिले की दोन-तीन पावसाळ्यांत क्षीण होतो. दुसरा उपाय म्हणजे माती ओली करून एप्रिल-मे मध्ये चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिकने झाकणे. तापलेल्या मातीत वरच्या थरातील बरेचसे तणाचे बी मरते.

मृगाच्या पहिल्या पावसात घाई करू नये. त्या पावसाने उगवलेले तण आठ-दहा दिवसांनी वापसा आल्यावर खुरप्याने वरच्यावर काढावे आणि मग पेरावे. बी बारीक असते, म्हणून ते दहापट कोरड्या वाळूत किंवा गाळलेल्या मातीत मिसळून दोन फेऱ्यांत, एकदा उभे आणि एकदा आडवे, फेकावे. वर माती न लोटता हाताने किंवा पाट्याने दाबावे. कडेच्या कारळाला शंभर चौरस फुटांस चार-पाच ग्रॅम बी पुरते. तरोट्याचे बी टणक असते; गरम पाण्यात रात्रभर भिजवले की उगवण सुधारते. जलपिंपळीच्या मुळे फुटलेल्या काड्या वीत-वीत अंतराने लावाव्यात.

बी मिळवायची खात्रीची जागा म्हणजे आपलाच बांध. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सगळे घर शेतात जाते. आंबील आणि भज्जीच्या जेवणानंतर बांधावरून फेरी मारली, तर तुंबा, विष्णुक्रांता, शेवरा आणि तरवड यांचे पक्व बी हाताला लागते. एका जागचे सगळे बी ओरबाडू नये. ते सावलीत वाळवून, कागदी पुडीत नाव व जागा लिहून ठेवावे.

वर्षभराची निगा

पहिल्या वर्षी वार्षिक झाडे आणि तण यांचाच भर असतो, हिरवळ विस्कळीत दिसते. दुसऱ्या वर्षी बहुवार्षिक झाडे बसतात आणि तिसऱ्या वर्षी तिला स्थिर रूप येते. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी निवडक खुरपणी करावी लागते. खुरपणाऱ्या बायकांचा हात आणि नजर दोन्ही तयार असतात. त्यांच्यासोबत एकदा बसून कोणती रोपे राखायची ते ठरवले तर पुढे सांगावे लागत नाही.

आषाढअखेर गवत चढू लागते, तेव्हा विळ्याने जमिनीपासून चार-पाच बोटे उंची ठेवून एकदा कापावे. कापलेले गवत उचलून शेळ्यांना किंवा जनावरांना घालावे. तिथेच कुजू दिले की जमीन सुपीक होऊन हराळीला बळ मिळते. श्रावण ते अश्विन कापणी बंद. हाच मुख्य बहराचा काळ. दुसरी कापणी कार्तिक-मार्गशीर्षात बी गळल्यावर, आणि तीही अर्ध्या तुकड्यात. उरलेला अर्धा भाग पंधरा-वीस दिवसांनी कापला की किडे आणि कोष दुसऱ्या बाजूला टिकतात. पौषानंतर हिरवळ पिवळी पडते. ती मेलेली नसते, म्हणून तिला पाणी देऊ नये आणि काडीकचरा जाळू नये.

हात-दोन हात लांबीरुंदीचा, न खणलेला, उघडा मुरमाड तुकडा ऊन येणाऱ्या कडेला राखावा. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांना तो लागतो. पोकळ बांबूचे तुकडे जुडी बांधून पावसाचा मारा न लागणाऱ्या भिंतीला टांगले की पानकापी माशी त्यात घरटे करते.

चैत्र-वैशाखातली भर

फाल्गुनपासून मृगापर्यंत हिरवळ जवळपास काही देत नाही. या काळात झाडे मदतीला येतात. चैत्रात कडुलिंब, त्याच सुमारास करंज आणि घराजवळचा शेवगा कीटकांना तगवतात. अंगणाच्या कडेला यांपैकी एखादे झाड असेल तरच वर्षाची साखळी पूर्ण होते. शेवग्याला आणि तुळशीला भाज्या-धान्य धुतलेले पाणी पुरते. सावलीत उथळ थाळीत खडे घालून पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. खडे नसले तर माश्या बुडतात, आणि पाणी बदलले नाही तर डास होतात.

फवारणी आणि सुरक्षितता

हिरवळीत कीटकनाशक, तणनाशक आणि डासांची धुरळणी नको. निंबोळी अर्कही उमललेल्या फुलांवर मारू नये. बीजप्रक्रिया केलेले, म्हणजे रंग लावलेले बी हिरवळीत वापरू नये. थायामेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड यांसारखी औषधे झाडात भिनून पराग-मकरंदापर्यंत पोचतात. त्यांच्या मधमाश्यांवरील परिणामामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये या दोन्हींसह क्लोथियानिडिनच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. शेजारच्या शेतात फवारणी करावीच लागली तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करण्याची विनंती करता येते.

उंच गवतात फुरसे, घोणस आणि नाग यांची भीती मराठवाड्यात खरी असते. म्हणून दारापासून आणि पायवाटेपासून हातभर नव्हे, चांगला एक मीटर पट्टा कायम कापलेला ठेवावा, दगड-विटांचे ढीग हिरवळीत ठेवू नयेत आणि रात्री बॅटरीशिवाय तिथे जाऊ नये. कापलेल्या कडेचा आणखी एक फायदा आहे: आतला भाग मुद्दाम राखलेला आहे हे शेजाऱ्यांना कळते. आग्या मोहोळाला धूर करू नये, दगड मारू नये. ते घराला लागले तर जाणकारालाच बोलवावे.

मोजणी आणि मर्यादा

हिरवळ लागली की नाही, ते मोजून ठरवता येते. सकाळी दहाच्या सुमारास, वारा नसताना, एक हात चौरस जागा ठरवून दहा मिनिटे बसावे आणि फुलावर उतरलेले कीटक गटवार वहीत लिहावेत: फुलोरी, आग्या, भुंगा, पट्ट्यांची माशी, सिरफिड, फुलपाखरू. दर आठवड्याला त्याच जागी नोंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक दिसतो. सप्टेंबर महिना २०२० पासून देशभर फुलपाखरांच्या नोंदीसाठी पाळला जातो आणि औशाच्या हिरवळीचा बहरही त्याच सुमारास असतो.

अंगणात मधपेटी ठेवणे हा वेगळा उद्योग आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून त्याचे शास्त्र शिकवते. पण पाळलेल्या वसाहतीने रानमाश्यांची गरज भागत नाही; फुले कमी असतील तर उलट स्पर्धा वाढते. आधी फुले, मग पेटी, हा क्रम योग्य.

एका अंगणाने उजाड बांध भरून निघत नाहीत. मात्र एका वस्तीत दहा-बारा घरांपुढे, शाळेच्या कुंपणालगत आणि शेताच्या बांधावर अशी पट्टी राहिली, तर लहान माश्यांच्या उड्डाणाच्या टप्प्यात फुलांचा सलग माग तयार होतो. त्यासाठी लागणारे बी बांधावर आहे, पाणी पावसाचे आहे आणि अवजार खुरपे व विळा. श्रम पहिल्या दोन पावसाळ्यांचे. त्यानंतर वर्षातून दोन कापण्या आणि अधूनमधून खुरपणी एवढेच काम उरते.